जाऊबाईंची कळलावी

बोरीच्या मोटारीच्या कंडक्टरनं यवतमाळला आमच्या दारात येऊन निरोप दिला, "तुमच्या मोठ्या बाई गेल्या." मोठ्या बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. भाद्रपद नुकताच लागला होता, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तर... परसातली कळलावी फुलली असेल. लाज वाटली, पण खरं तेच.

जाऊबाईंचं माहेर पांढरकवड्याकडचं, जंगलाला लागून. तिथून तेरडा, कुर्डू, गोकर्ण असं काय काय आणून त्यांनी बोरी अरबला, आमच्या सासरच्या परसात लावलं. तरोटा लोक उपटून फेकतात; त्या राखायच्या, कारण त्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढत. "लेकुरवाळं झाड हाय, हात नको लावू," म्हणायच्या. पाऊस सरला की कुर्डूच्या बियांवर मुनिया पाखरांचे थवे उतरत आणि जाऊबाईंच्या हातातला चहा थंड होऊन जाई.

मी छप्पन साली लग्न होऊन आले. कळलावी दारी असली की घरात भांडणं लागतात, हे माहेरून शिकून आलेली. एका चुलीवर दोन जावा, आणि कुंपणावर ही लाल-पिवळी फुलं... जाऊबाई माहेरी गेल्या तशी मी निंदणाच्या निमित्तानं वेल उपटून टाकला. घरात शांती नांदावी म्हणून. परतल्यावर त्यांनी कुंपणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मले एवढं सांग वं, भांडण त्या वेलानं लावलं, का तुया हातानं?" पुढं दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. माहेर सोडताना कुणी रडत असेल, मी सासरी राहून रडले.

पुढच्या पावसात त्याच जागी कोंब आला. कंद जमिनीत राहून गेला होता. जाऊबाईंनी मला हाताला धरून नेलं. "पाह्य, हे काई रुसून नाई बसलं. मंग मी कायले बसू?" कोंबाशेजारी त्यांनी तुरीची वाळकी काडी रोवली, खूण म्हणून. मग दरवर्षीच रोवत गेल्या. आम्ही यवतमाळला बिऱ्हाड केलं, तरी फुलांच्या दिवसांत मी बोरीला जायचेच.

तेरवीच्या मांडवासाठी परसातलं रान काढायला शेजारच्या काकू विळा घेऊन आल्या. यंदाही जाऊबाईंनी काडी रोवून ठेवली होती, वेल तिच्यावर चढून फुलला होता. मी आडवी उभी राहिले. मांडव पुढच्या अंगणात घाला म्हटलं, आणि तिथंच घातला.

"कळलावी हाय ते, बाई. घरात भांडणं लागतीन," काकू म्हणाल्या.

"लागू द्या न, काकू. पन आता भांडू कोनासंग?"