मास्तरांनी पाय मोडला नव्हता

आमच्या गावात जुन्या मास्तरांचा विषय निघाला की आजही एकच गोष्ट सांगतात: त्यांनी एका पोराचा पाय मोडला होता. मास्तरांना पाहिलेलं माणूस आता गावात माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. गोष्ट मात्र उरली आहे. ती खोटी आहे, आणि ती खरी ठरवणारा मी होतो.

धाडच्या अलीकडे, ओढ्याच्या काठी आमचं गाव. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. शाळा चौथीपर्यंत, मारुतीच्या देवळालगतच्या दोन खणांत, आणि मास्तर एकच. ते परजिल्ह्यातले, एकटे राहत. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात निरगुडीची ओली शिपटी. त्यांच्या वहाणांचा आवाज फरशीवर आला की मी पाटीत मान घालायचो. मी वर्गात पहिला होतो, मार मला क्वचितच बसे, तरी घालायचो. बाकीच्या पोरांना दोन छड्यांचीच भीती होती. मला त्यांच्या मनातून उतरण्याची होती. मला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. दुपारी सगळे भाकरी खायला घरी जात, तेव्हा ते मला जवळ बसवून त्रैराशिकाची गणितं घालत. त्यांनी दिलेली भाकरी मी न खाता दप्तरात ठेवत असे.

कापूस फुटला की शाळा ओस पडायची. पोरं आईबरोबर वेचणीला जात. हजेरी घसरली तर शाळाच उठेल, ही मास्तरांची भीती. आम्ही त्यांना भीत होतो आणि ते डिप्टीसाहेबांना, म्हणजे शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला. तेव्हा न येणाऱ्या पोराची उचलबांगडी करण्याची चाल होती. चार दांडगी पोरं पाठवायची. दोघांनी त्याचे हात धरायचे, दोघांनी पाय, आणि लोंबकळत शाळेत आणायचं. गाव हसत पाहायचं. बाया दारातून म्हणत, “निंघाली बाप्पा वरात.” मी मॉनिटर, म्हणून त्या चौघांत कायमचा. उजवा पाय माझ्याकडे असे.

त्या वर्षी वेचणी ऐन भरात असताना डिप्टीसाहेब येणार असल्याचा निरोप आला. मास्तर सकाळपासून चारदा हजेरीपट उघडून बघत होते. साहेबांच्या धाकानं बाकी सगळे आले होते, एक मुलगा आला नव्हता. ओढ्यापलीकडे त्याच्या बापाचं चार एकर रान होतं. मास्तर आम्हा चौघांना म्हणाले, “साहेब यायच्या आत तो इथं बसलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर तुम्हीही दिसू नका.”

आम्ही पळतच गेलो. आम्हाला पाहून तो पाखरं हाकायच्या मचाणावर चढून बसला.

“उतर बे खाली,” मी म्हणालो. “डिप्टी येऊन राह्यला.”

“येऊ दे. माय म्हणते, आजच्या आज कापसाचं हे तास वेचून झालं पाह्यजे.”

“मास्तर सोलतीन आमाले.”

“तुमाले सोलतीन, मले काय? तू हुशार हायेस, तूच वाच डिप्टीपुढं.”

बाकीचे तिघे हसले. मला हसू येत नव्हतं. आम्ही त्याला ओढून काढलं आणि उचललं. तो सारखा लाथा झाडत होता. ओढ्यात उतरलो तेव्हा धाडच्या वाटेवर धूळ दिसली. एक रेंगी येत होती. रेंगी म्हणजे आमच्याकडची दोन बैलांची हलकी गाडी. अशा गाडीतून साहेबच येत. मी “चला, चला” म्हणून ओरडलो आणि तेवढ्यात त्याची टाच माझ्या तोंडावर बसली. ओठ फुटला, तोंडात रक्त आलं.

पुढची साठ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की घाईत पाय हातातून निसटला. तो निसटला नाही. मी त्याचं पाऊल दोन्ही हातांनी धरलं आणि ओलं धोतर पिळावं तसं पिळलं. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तो ओरडलासुद्धा नाही, फक्त त्याचं अंग ढिलं पडलं. लाथा थांबल्या याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

शाळेच्या दाराशी आम्ही त्याला खाली ठेवलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी कानाशी लागून म्हणालो, “नीट उभा राय. बोलला तर पाह्य मंग.” तो चौकटीला धरून दोन पावलं आत गेला. आत साहेब येऊन बसलेले होते. उशिरा आला म्हणून मास्तरांनी सगळ्यांदेखत त्याच्या पोटऱ्यांवर दोन शिपट्या ओढल्या. तो जमिनीवर कोसळला आणि पुन्हा उठला नाही.

साहेबांचा मुक्काम चावडीत होता. दुसऱ्या दिवशी मुलाचा बाप त्याला खांद्यावर घेऊन तिथे आला. घोटा गाडग्याएवढा सुजला होता. बाप म्हणाला, “मास्तरनं माह्या पोराले लंगडं केलं.” मुलगा म्हणाला, “मास्तरनं मारलं.” तेवढं खरंच होतं.

मग आम्हा चौघांना बोलावलं. वाटेत आम्ही ओढ्याकाठी थांबलो होतो. एकानं माझ्याकडे पाहिलं नाही आणि म्हणाला, “आपलं नाव निंघालं तर जमादार नेईन.” दुसरा म्हणाला, “मास्तर मोठा माणूस हाय. त्याले कोन काय करन?” हे आम्हाला अगदी खरं वाटलं. मास्तरांहून मोठं माणूस आम्ही पाहिलंच नव्हतं. मोठ्या माणसाला शिक्षा होते हे कोणी शिकवलं नव्हतं.

चावडीत मास्तर टोपी हातात घेऊन उभे होते. उभे मी त्यांना रोज पाहायचो, पण कोणापुढे उभे कधी पाहिले नव्हते. साहेबांनी विचारलं, “तुम्ही याला शाळेत आणलंत तेव्हा याचा पाय कसा होता?” तिघेही माझ्याकडे पाहू लागले.

मास्तर म्हणाले, “त्याला विचारा, साहेब. तो सांगेल ते मला मान्य.”

मी म्हणालो, “चांगला होता. दारातून चालत आला तो.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मास्तर माझ्या फुटलेल्या ओठाकडे पाहत होते. फार वेळ पाहत होते. त्यांना कळलं असावं असं मला तेव्हाच वाटलं. ते बोलतील म्हणून मी थांबलो. ते बोलले नाहीत.

महिन्याभरात त्यांची बदली झाली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी, दुय्यम मास्तर म्हणून. जाताना त्यांनी त्रैराशिकाचं पुस्तक माझ्या आईजवळ ठेवलं. त्याच पुस्तकावर मला शिष्यवृत्ती मिळाली. पुढे मीही मास्तर झालो. वर्गात कोणी पोर माझ्याकडे पाहून गप्प झालं की मी फळ्याकडे तोंड फिरवी. मास्तरांना पत्र लिहायला अनेकदा बसलो. ते वारल्याचं कळेपर्यंत बसतच राहिलो.

तो मुलगा जन्मभर लंगडत चालला. आम्ही दोघं म्हातारे झाल्यावर धाडच्या बाजारात एकदा मी त्याला बाजूला घेतलं.

“तुले माहीत होतं ना, कोणं केलं ते?”

“माहा पाय, मले माहीत नसन?”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

तो वांगी निवडत होता. “मास्तर काय, आज हाय, उद्या बदलून जाईन. तू तं गावातच राह्यणार होता. आन् तू म्हटलं होतं, बोलला तर पाह्य. मी तुले लय भ्यायचो बे.”

मी म्हणालो, आता तरी गावाला सांगू. त्यानं मान हलवली. “माह्या बापानं चावडीत मास्तरचं नाव घेतलं. मेलेल्या बापाले आता खोटं पाडू का? मी हाय तोवर नको.”

पुढे तो वारला. तेराव्यानंतर काही दिवसांनी त्याच्या मुलाला मी हे लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. त्यानं बिडी काढली, पण पेटवली नाही.

“बुढ्यानं आमाले मास्तरचंच सांगतलं,” तो म्हणाला. मग विचारलं, “याच्यात माह्या आज्याचं नाव हाय का?”

“नाही. कोणाचंच नाही.”

“मंग छापा.”

तो उठून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मास्तरांचंही नाव यात नाही. ते घातलं तर गाव कोणतं ते कळेल, मग त्याचा आजाही ओळखला जाईल आणि मीही. मी त्याला शब्द दिला आहे. म्हणून नाव घातलेलं नाही. पण खरं सांगायचं तर लेखणी तिथे थांबली तेव्हा मला थोडं हायसंही वाटलं.