नावं गेली, नंबर राहिले

आमच्या वधू-वर सूचक मंडळात सल्ले द्यायला सगळे आणि राबायला एकटा शेखर निरभवणे. बुद्धविहाराशेजारच्या खोलीत सतरंजी अंथरायची, शेखर. माईक खरखरतोय, शेखर. कळवणकडच्या पाहुण्यांना नाशिकरोडच्या स्टँडवरून आणायचंय, शेखर. मी या मंडळाची सचिव, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. आयुष्यभर पोरं हाकली, त्यामुळे माणूस का राबतो ते मला लगेच कळतं. कुणी नाव व्हावं म्हणून राबतं, कुणी पुण्य लागावं म्हणून. शेखर राबायचा तो रविवारी घरी बसवत नाही म्हणून.

वय चाळिशीला टेकलेलं. पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी. द्राक्षाच्या पेट्या आत जाताना वजन सांगितलं जायचं, ते हा काचेमागे बसून संगणकात भरायचा. आई गेल्यापासून घरात एकटाच. बहीण सुरतेला, तिचा फोन सणासुदीला. एकदा मी त्याला विचारलं, "कुकर तरी लावतोस का रे?" तर म्हणतो, "एकट्यासाठी शिट्ट्या कशाला, बाई? टोपात होते खिचडी." आणि हसला. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. आठवडाभर कंडक्टर सोडून कुणाशी बोललो नाही, हेही तो असंच हसत सांगायचा. मंडळ सुटलं असतं तर त्याला माणूस म्हणून हाक मारणारं कुणी उरलंच नसतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तर या शेखरनं मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. आमचे अध्यक्ष जयरामदादा पगारे, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त, त्यांच्या कानावर हे गेलं मात्र, त्यांनी जाहीरच करून टाकलं. "यंदा कागद बंद! सगळे बायोडाटा कॉम्प्युटरमध्ये. शेखर करतोय." शेखर नुसता शिकत होता, करत नव्हता. पण दादांना नाही म्हणायचं म्हणजे मंडळाला नाही म्हणायचं. तो हो म्हणाला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी इन्स्टॉलचा वनवास म्हणते. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट, एवढं मला त्यानं समजावलं होतं. पण हे कपाट काही घरात येईना. पहिल्यांदा बसवलं आणि त्याचा पासवर्डच विसरला. काढून पुन्हा बसवलं, तर जुन्याचे अवशेष आत शिल्लक, आणि नवं कपाट जुनीच किल्ली मागायला लागलं. ते निस्तरलं तर म्हणे पोर्ट अडकलाय, म्हणजे ज्या दारातून आत यायचं तिथं दुसराच कुठला तरी प्रोग्राम ठाण मांडून बसलेला. तांबड्या अक्षरात इंग्रजी ओळी यायच्या. तो त्या तशाच्या तशा उचलून इंटरनेटवरच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर टाकायचा. तिथं एका शहाण्यानं उत्तर दिलं, हे आधीच कुणीतरी विचारलंय, शोधा. दुसऱ्यानं तेवढंही दिलं नाही.

"शिकवणाऱ्याच्या व्हिडिओत एका दमात होतं, बाई," तो म्हणायचा. "माझ्याकडेच होत नाही. कुणाला दाखवू तेच कळत नाही."

त्याच्या लॅपटॉपवर जमलं एकदाचं, तर मंडळाच्या संगणकावर अडलं. निम्म्यात इन्स्टॉल थांबायचं आणि कारण काही सांगायचं नाही. पोरानं दोन रविवार डोकं फोडलं. शेवटी कळलं, संगणकात जागाच नाही. आमच्या दरवर्षीच्या भीमजयंतीच्या मिरवणुकांचे व्हिडिओ गळ्यापर्यंत भरलेले. "एकही व्हिडिओ पुसायचा नाही," दादांनी बजावलं. "त्यात आपली माणसं हायेत." मग शेखरनं स्वतःचा लॅपटॉपच टेबलावर मांडला आणि म्हणाला, यावरच चालवू.

नोंदणीच्या रविवारी ही गर्दी! निफाड, दिंडोरी, सिन्नर, सगळीकडून माणसं. आई-बाप माहिती सांगतायत, शेखर मराठीत टाइप करतोय, बटण दाबलं की पडद्यावर येतंय, 'माहिती जतन झाली'. पुढचे या. मी त्याला इतका खुश कधी पाहिला नव्हता. लोक त्याला साहेब म्हणत होते. दादांनी येईल त्याला सांगितलं, हा आमचा पोरगा, यानं बनवलं.

दुपार कलल्यावर गर्दी ओसरली. शेखरनं यादी उघडली. मी चहा घेऊन गेले तर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. नावाच्या रकान्यात प्रश्नचिन्हं, गावाच्या रकान्यात प्रश्नचिन्हं, शिक्षण, नोकरी, अपेक्षा, सगळीकडे तीच. जिथं जितकी अक्षरं तिथं तितकी प्रश्नचिन्हं.

झालं होतं असं, की कपाट बनवताना एक ओळ लिहायची राहिली. त्या ओळीशिवाय त्या कपाटाला इंग्रजीच कळायचं, मराठी अक्षर आलं की ते टाकून जागेवर प्रश्नचिन्ह ठेवायचं. आणि शेखरनं तपासणी केली होती ती स्वतःचं नाव इंग्रजीत टाकून. ते दर वेळी नीट जतन झालं होतं. दर वेळी तपासून झालं की तो स्वतःला पुसून टाकायचा.

"परत नाही येणार?" मी विचारलं.

"गेलं ते गेलं, बाई. मूळ अक्षरं कुठंच नाहीत."

आकडे तेवढे वाचले, कारण ते इंग्रजीत टाइप केले होते. मोबाइल नंबर, जन्मसाल, उंची, आणि मुलगा असेल तर एक, मुलगी असेल तर दोन असा आकडा. म्हणजे आमच्याकडे आता एक पाच फूट दोन इंच मुलगी होती, एकोणीसशे त्र्याण्णव सालची, तिला फोन लावता येत होता, पण ती कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि या सगळ्या मुला-मुलींची परिचय पुस्तिका महिन्याभरात छापायला द्यायची होती.

शेखरचा चेहरा बघवत नव्हता. "दादांना सांगू नका," म्हणाला. "मला येऊ नको म्हणतील." मी म्हणाले, "अरे, येऊ नको म्हणायला हे काय त्यांचं घर आहे?" पण दादांचा राग मलाही ठाऊक होता. मीच उपाय सांगितला. ती राहिलेली ओळ लिही, कपाट दुरुस्त कर, आणि एकेका नंबरला फोन लावून नाव विचार. त्यावर तो जो घाबरला! डेटाबेस बिघडला तेव्हाही एवढा घाबरला नव्हता. ज्याला आठवड्यात कंडक्टरखेरीज कुणी बोलायला नाही, त्यानं आता अख्ख्या जिल्ह्याला फोन करायचे होते.

नोकरीवरून रजा काढून तो मंडळाच्या खोलीत येऊन बसायला लागला. मी समोर, कारण एकटा सोडला तर फोन लावणार नाही ही मला खात्री. दोन्ही हातांनी टाइप करता यावं म्हणून फोन स्पीकरवर.

"जय भीम. वधू-वर मंडळातून बोलतोय. आपलं नाव?"

"आं? फोन तुमी केला अन् नाव मला इचारता?"

कुणी हसायचं, कुणी फसवणुकीचा फोन समजून कापायचं. सिंधुबाई म्हणून एक म्हातारी तर कडाडली, "पोराचं सगळं त्या दिशी सांगितलं ना तुला? कुठं घालवलं?" शेखर म्हणाला, "माझ्या हातून गेलं, आजी." म्हातारी नरमली आणि मग पोराचंच काय, सुनेचं, गुडघ्याचं, सगळं सांगत बसली. तो ऐकत बसला. हळूहळू त्याला गोडी लागली. फोन ठेवताना लोक म्हणायचे, जेवलात का? या कधी घरी. हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, त्यात विशेष काही नसतं. शेखरला ते विशेष वाटायचं.

ती पाच फूट दोन इंचवाली निघाली सायखेड्याची पायल दोंदे. खाजगी शाळेत बालवाडीला शिकवायची. लग्न होऊन मोडलेलं. पहिल्यांदा फोन लागला तेव्हा मागं पोरांचा नुसता कल्ला. "दादा, वर्ग चालू हाय, मधल्या सुट्टीत करा ना!" यानं मधल्या सुट्टीत केला. नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षण विचारलं. तिसऱ्या दिवशी गाव. चौथ्या दिवशी वडलांचं नाव. बाकीच्यांचं सगळं एका फोनात उरकायचा आणि हिचा एकेक रकाना रोज. मी आंधळी नाही. तीही खुळी नव्हती. "आज काय राहिलं वो दादा?" म्हणून हसायची, पोरांच्या गमती सांगायची. लय आवाज करत्यात, पण ही पोरं नसती तर मी काय केलं असतं, असं एकदा म्हणाली. त्यावर शेखर म्हणाला, "हो, मला कळतं ते." एवढंच. मग रकाना भरला.

पुस्तिका वेळेत छापून झाली. एकही नाव चुकलं नाही. दादांना शेवटी कळलंच, ते फक्त म्हणाले, "मग? आली ना नावं परत?" म्हणजे सगळी भीती फुकटच.

मी शेखरला दोनदा बजावलं, स्वतःची माहिती भर. एकदा म्हणाला पुस्तिका होऊ द्या. एकदा म्हणाला, "बनवणाऱ्यानं कसं टाकायचं, बाई? लोक म्हणतील स्वतःसाठीच केलं." मला असा संताप आला! लाजून माणूस उपाशी राहिला तर वाढणारा तरी काय करणार?

मग ओझरचं स्थळ आलं. मुलगा घटस्फोटितच, चांगला, नोकरी कायमची. मुलाची आई माझ्याकडे बसली होती. मी शेखरला प्रोग्राममध्ये शोधायला सांगितलं. त्यानं वय, उंची, अपेक्षा घातल्या, आणि पडद्यावर एकच नाव आलं. पहिल्यांदाच त्याचं ते शोधायचं बटण एका फटक्यात चाललं होतं.

मी त्या बाईंना बाहेर चहाला बसवलं आणि परत आले. "शेखर, हे स्थळ पायलला दाखवू का? तुला काही बोलायचं असेल तर आत्ता बोल. मी त्यांना दुसरी मुलगी दाखवीन."

तो पडद्याकडे बघत राहिला. "सगळं जुळतंय, बाई," म्हणाला. "दाखवा."

मी दाखवलं. बघणं झालं, महिन्याभरात ठरलं. शेखर दर रविवारी यायचा, सतरंजी घालायचा. नव्या नोंदण्या नीट जतन होत होत्या, त्यामुळे फोन करायचं कारण कुणालाच उरलं नव्हतं. त्याचा फोन टेबलावर पडलेला असायचा आणि तो मधून मधून त्याच्याकडे बघायचा.

परवाच्या रविवारी तो वाजला. शेखर टाइप करत होता, सवयीनं त्यानं स्पीकर लावला.

"जय भीम दादा, पायल बोलते सायखेड्यावरनं. अवो, पत्रिकांवर नावं लिहायला घेतलीत. तुमचं नाव काय? एवढं रोज बोललो अन् इचारायचंच राहून गेलं बघा."

मी त्याला खुणेनं म्हटलं, सांग ना. त्याचे हात की-बोर्डवर तसेच थांबले होते.

"मंडळाच्या नावानं पाठवा," तो म्हणाला.

"मंडळाला तर हायेच. तुमच्या नावाची येगळी लिहिते ना."

"मंडळाच्याच नावानं. अभिनंदन तुमचं." आणि त्यानं फोन ठेवला.

"अरे मेल्या, नाव सांगायला काय जात होतं?" मी म्हणाले.

शेखरनं फोन उलटा करून ठेवला. "रोज मधल्या सुट्टीत वाटायचं, आज विचारेल," तो म्हणाला. "आज विचारलं, बाई. पत्रिकेसाठी."