पाहुणा रडला होता

ऑपरेटरकाका आणि काकू घराबाहेर पडायचे, तो एक बघण्यासारखा कार्यक्रम असे. काकू कुलूप लावायच्या, ओढून पाहायच्या, चार पायऱ्या उतरायच्या, परत चढून पुन्हा ओढायच्या आणि शेवटी काकांकडे बघून विचारायच्या, "अहो, लावलं ना मी?" काका मान डोलवायचे, मग कुठे स्वारी पुढे सरके. शेजारचे रिटायर्ड पोस्टमन गॅलरीतून ओरडायचे, "काकू, चोर बिचारा दुसऱ्या घरी जाऊन आलासुद्धा!"

हा पोरकट वाटणारा प्रकार एका भुतामुळे सुरू झाला होता, आणि ते फक्त काकांना ठाऊक होतं.

काका गावातल्या जुन्या थिएटरचे ऑपरेटर. त्या थिएटरात दरवर्षी थंडीतल्या पहिल्या रविवारी, दुपारी तीनला, एकच सिनेमा लागे. मुका, काळा-पांढरा, काकांच्याही आधी जन्मलेला. लांब कोटातला एक उंच माणूस एका घरी पाहुणा येतो, घरचे त्याला सगळ्यांत चांगली खोली देतात, आणि तो रोज थोडं थोडं त्यांचं रक्त पितो. बस, एवढीच गोष्ट. सिनेमाचं खरं नाव पोस्टरवर राहिलं. लोक त्याला 'पाहुणा'च म्हणत.

त्यानंतर कितीतरी रंगीत पिशाचं आली. उडणारी, किंचाळणारी, कॉलेजातल्या मुलींच्या प्रेमात पडणारी. आली तशी गेली. हा मुका मात्र हटेना. काकांचं म्हणणं, तो बोलत नाही म्हणून टिकला. बोलणारा माणूस जुना झाला की त्याच्या बोलण्याचं हसू येतं. गप्प बसणाऱ्याला हसायचं कसं? शिवाय तो दार फोडून येत नाही. घरातलंच कुणीतरी "या ना, आत या," म्हणतं. थिएटरात दरवर्षी त्या जागी दोनशे माणसं मनातल्या मनात "नको गं बाई, नको म्हणूस!" म्हणत, आणि पुढच्या वर्षी तेच म्हणायला परत येत.

काकूंनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या काकू नव्हत्या, पहिल्या रांगेत मैत्रिणीचा हात धरून बसलेली एक मुलगी होत्या. घाबरल्या नाहीत. बाहेर येऊन म्हणाल्या, "मला त्याची दया आली. आरशात तो स्वतःला दिसतच नाही, तेव्हा त्याचे डोळे भरून आले."

पुढे त्यांचं काकांशी लग्न ठरलं. त्या वर्षीच्या खेळाला त्या पुन्हा पहिल्या रांगेत होत्या, आणि ऑपरेटरसाहेब केबिनच्या छोट्या खिडकीतून मशीनकडे बघायचं सोडून पहिल्या रांगेकडे बघत होते. तेवढ्यात फिल्म अडकली. कडेची भोकं फाटली, मधला भाग दिव्याच्या उष्णतेने वितळला. काकांनी घाईघाईने खराब तुकडा कापला, सोल्यूशन लावून दोन टोकं जोडली आणि खेळ चालू केला. पाहुणा खोलीत शिरला आणि थेट पलंगापाशीच उगवला. पब्लिक असं किंचाळलं की बस. आरसा गेला, डोळे गेले, कुणाला पत्ता नाही.

त्या काळचा मालक भयंकर तापट होता. काकांनी तोंड उघडलं असतं तर नोकरी गेलीच होती. काकूंनी विचारलं, "अहो, तो रडला का नाही या वेळी?" तर काका म्हणाले, "कोण रडला? असं काही नव्हतंच सिनेमात. तुझ्या मनाचे खेळ."

वेळ मारून नेण्यापुरतं बोललेलं वाक्य. पण ते घरात राहायलाच आलं. मुलं मोठी झाली तशी आईच्या रडक्या भुताची थट्टा करू लागली. काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी मंगळवार सांगितलाय," की मुलगा म्हणे, "भूत रडलं होतं, तसाच ना?" जावयानेही आठवड्याभरात शिकून घेतलं. काकूही हसायच्या. फक्त हळूहळू गॅस दोनदा बघू लागल्या, कुलूप तीनदा ओढू लागल्या, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंही काकांना विचारून घेऊ लागल्या.

अशी छत्तीस वर्षं गेली. आणि यंदा मालकाची मुलगी आनंदाने उड्या मारत सांगायला आली, "काका, 'पाहुण्या'ची अख्खी कॉपी मिळाली! स्वच्छ केलेली. आपल्या प्रिंटमध्ये बराच भाग नव्हता म्हणे. तुम्ही आता आरामात काकूंच्या शेजारी बसून बघा, मशीन बटणावर चालतं."

काका "वा, छान" म्हणाले आणि रविवार किती दिवसांवर आलाय ते मोजू लागले.

रविवारी सकाळपासून ते काकूंच्या मागे मागे. "थंडी फार आहे."

"थंडीतच असतो तो सिनेमा."

"तुझ्या गुडघ्यांना जिने..."

"पहिली रांग खाली आहे. अहो, तुम्हाला झालंय तरी काय? त्या भुतापेक्षा तुमचा चेहरा पांढरा पडलाय."

सांगून टाकावं, असं काकांच्या जिभेवर तीनदा आलं. तीनदा त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

काकू कुलूप ओढून परत वळल्या. "अहो, लावलं ना मी?" काकांनी मान डोलवली. आज ती मानही जड झाली होती.

पडद्यावर पाहुणा खोलीत शिरला. नेहमीचे प्रेक्षक पलंगाच्या धक्क्यासाठी खुर्च्यांचे हात धरून तयार. पण पलंग आलाच नाही. आरसा आला. आरशात खोली होती, दिवा होता, पाहुणा नव्हता. त्याने हात पुढे करून काच चाचपली, आंधळ्यासारखी. मग त्याचे डोळे भरले. कुणी किंचाळलं नाही. मागे कुणीतरी हळूच "अरेरे" म्हणालं.

काका पडद्याकडे बघतच नव्हते, छत्तीस वर्षांपूर्वीसारखेच. काकूंच्या गालावर पडद्याचा उजेड हलत होता. त्यांनी मान वळवली नाही.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "होतं ते."

"होतं."

"तुम्हाला माहीत होतं."

काकांनी सगळं सांगितलं. फिल्म, मालक, नोकरी. शेवटी म्हणाले, "मी तुझ्याकडे बघत होतो गं. म्हणून फाटली."

काकू थांबल्या. "हे त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर आयुष्यभर मिरवलं असतं मी." आणि थोडं चालून, "अजून काय काय होतं, जे नव्हतं म्हणालात?"

काका आठवू लागले, तर यादी संपेना. गप्प बसणाऱ्याचा त्यांना एवढा आदर, पण आज स्वतःचं गप्प बसणं सोसेना.

सोमवारी दोघं दवाखान्यात निघाले. काकूंनी कुलूप लावलं, किल्ली पिशवीत टाकली आणि सरळ जिना उतरल्या. चौथ्या पायरीवर थांबल्या नाहीत. मागे वळल्या नाहीत. पोस्टमन गॅलरीत तोंड उघडून उभेच राहिले.

काका दारापाशी प्रश्नाची वाट बघत थांबले. प्रश्न आला नाही. खालून चपलांचा आवाज लांब जाऊ लागला, तेव्हा त्यांनी न राहवून कुलूप ओढून पाहिलं.

लागलं होतं. ते नेहमीच नीट लागलेलं असे.