‘घरनं शे’ नाना

आमच्या सोनगीरजवळच्या गावातली सुमनअक्का गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, महामार्गावरच्या एका भरीत-भाकरीच्या हॉटेलात, भर गिऱ्हाइकांसमोर लुबाडली गेली. लुबाडणाऱ्यांनी आवाजही चढवला नाही. त्यांनी तिला चहा पाजला, वर दूध जास्त घालायला सांगितलं.

लुबाडणारे म्हणजे त्या हॉटेलाचे मालक. त्यांना आम्ही ‘घरनं शे नाना’ म्हणायचो. वयाचा मान म्हणून अहोजाहो लिहिते आहे, दुसरं कारण नाही. नाना कधी कशाचा भाव विचारत नसत. वांगीवाला भाव सांगायला लागला की त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणत, “भाव कसाले सांगस? घरनं शे.” म्हणजे भाव कशाला सांगतोस, घरचंच आहे. माणूस खूश होऊन पोतं उतरवून जायचा. भाव न विचारणारा माणूस पैसे द्यायच्या विचारात नसतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

भरीत मात्र उत्तम. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही, यावर नाना ठाम असत. अक्काचे गुडघे दुखतात हेही त्यांच्या लक्षात असे. भेटले की आधी गुडघ्यांची चौकशी, मग बिबड्यांची मागणी.

ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे लसूण-तीळ घातलेले पापड, अक्का उन्हाळाभर घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, वाळवायची. आधी घरापुरत्या करायची, त्या वर्षी पहिल्यांदाच विकायला केल्या. एक घाणा विकायचा, त्या पैशांत ज्वारी आणायची, पाऊस पडायच्या आत दुसरा घाणा काढायचा, असा तिचा बेत. पहिला घाणा सगळाच्या सगळा नानांनी नेला. “आखाजीले पैसा लई जाय, अक्का. मी तुना भाऊ शे.” म्हणजे आखाजीला पैसे घेऊन जा.

नानांचं नवं हॉटेल उधारीवर उभं राहिलं, याबद्दल माझी तक्रार नाही. नवा धंदा असाच उभा राहतो. धुळ्याचा तेलवाला व्यापारीही त्यांना उधार देई, पण मुदत ठरवून, आणि मुदत चुकली तर पुढचा डबा बंद. अक्काकडे बंद करायला काय होतं? तिचा सगळा माल गेलेला. नानांच्या धंद्याला भांडवल लागत होतं, ते त्यांनी अक्काच्या धंद्यातून काढलं. तिचाही धंदा नवाच होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आखाजीला नाना तिच्या घरी आले. पुरणाचे मांडे, आमरस, सगळं झालं. हात धुऊन नानांनी पिशवीतून खण काढला आणि मानलेल्या बहिणीला दिला. तिने तो कपाळाला लावला. तिथेच ती फसली. भावाचा खण हातात घेऊन त्याच दिवशी त्याच्याकडे पैसे मागणारी बाई आमच्याकडे अजून जन्मायची आहे. नानांना हे पक्कं माहीत होतं. खण त्यांनी उगाच नाही आणला.

दुसऱ्या दिवशी ती हॉटेलात गेली, सोबत मी. गल्ल्याशी तेलवाला उभा होता. नानांनी त्याच्या हातात नोटा ठेवल्या, तो गेला. मग चहा आला.

“नाना, ज्वारी लेवानी शे,” अक्का एवढंच म्हणाली.

आणि आयुष्यभर अहिराणी बोलणारे नाना एकदम शुद्ध मराठीत बोलू लागले. “अक्का, सध्या व्यवसायाची आर्थिक घडी बसायची आहे. आपण दिवाळीनंतर पाहू.” माल घेताना अहिराणी आणि पैसे देताना प्रमाण मराठी, हा त्यांचा शिरस्ता मी त्या दिवशी ओळखला.

मी म्हणाले, “नाना, तेलवाल्याला दिलेत की आत्ता.”

“तो मागतो, बाई. न दिले तर तेल बंद करतो. अक्काचं काय, ती घरची आहे.”

अक्का उठली. निघताना तिने कप स्वतः विसळून ठेवला, घरचाच असल्यासारखा.

दिवाळी होऊन गेली. नानांनी दोंडाईच्याला दुसरं हॉटेल काढलं. उद्घाटनाचं बोलावणं अक्कालाही आलं होतं, पण त्या दिवशी ती कांद्याच्या चाळीत मजुरीला गेली होती. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या धाब्यावर एकही बिबडी वाळली नाही. खण अजून घडीचाच आहे. ती तो शिवतही नाही आणि टाकतही नाही.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही धंदा काढणार असाल तर उधारी जरूर घ्या. पण पहिला गल्ला जमेल तेव्हा, जो तुमचा माल बंद करू शकत नाही, त्याचे पैसे आधी द्या. आणि तुम्ही नुसते जेवणारे असाल, तर पुढच्या वेळी ताटात बिबडी आली की ती मोडण्याआधी गल्ल्यावरच्या माणसाला मोठ्याने विचारा, ही कोणी केली आणि तिचे पैसे दिलेत का. अक्का विचारणार नाही. तुम्ही विचारा.