काकीचा टब

काकी भेटली की आधी तिचा अंगठा भेटायचा. "बघू दे, बघू दे. लेस मो गेते," असं मराठीत आणि आमच्या बेटावरच्या बोलीत एका दमात म्हणत ती समोरच्याच्या खांद्यावरची शिवण नखाने चाचपायची. ओळख असो नसो. एका लग्नात तिने नवरीच्या पोलक्यावरही अंगठा फिरवलेला मी पाहिला आहे. तुमच्याही शेजारात अशी एखादी असेलच.

बेटाच्या उत्तरेला, गुडलँड्स गावी, कपड्यांच्या कारखान्यात आम्ही एकाच रांगेत मशीनवर बसायचो, आणि राहायलाही शेजारी. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आमच्याकडच्या बायका तेव्हा नुकत्या उसाच्या शेतातून कारखान्यात शिरल्या होत्या. काकीने स्वतःच्या पगारातून घरावर मजला चढवला आणि वरच्या न्हाणीघरात टब बसवला. आमच्या गल्लीतला पहिला. लोक बघायला यायचे आणि काकी त्यांना चपला काढायला लावायची. हसू नका, मीही काढल्या.

टब आला तशी गळतीही आली. टबाची कड भिंतीला भिडते तिथला सांधा फुटला. न्हाणीघर मागच्या बाजूला, पण पाणी स्लॅबमधून सरपटत पुढे यायचं आणि खाली बैठकीच्या छतातून ठिबकायचं. तेही नेमकं त्या कोपऱ्यात, जिथे काकीला गणपती बसवायचा होता.

घराण्याचा गणपती कायम थोरल्या दिरांकडे. लग्न झाल्यापासून काकी तिथे जाऊन मोदक वळत आली होती. त्या वर्षी तिने हट्टाने गणपती आपल्याकडे मागितला. दीर आले, छतावरचा डाग पाहिला आणि म्हणाले, "देवाच्या डोक्यावर तुझ्या आंघोळीचं पाणी? नाय. चतुर्थीच्या आधी रविवारी येतो. गळती थांबली असेल तर बोलू." काकाला विचारलं तर तो म्हणाला, "माझं काय म्हणणं नाय." काकाचं कशावरच कधी काही म्हणणं नसे.

काकीने सांधा खरवडला आणि पांढरं सिमेंट भरलं. पहिल्याच आंघोळीला ते तडकलं. मग मास्तिक आणलं, म्हणजे नळीतून दाबून काढायची रबरासारखी लुकण. ती वाळली, सुरेख दिसली, आणि काका टबात उतरताच कडेपासून सुटली. त्या दिवशी काकी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "देवाला माझ्या घरी यायचंच नाय गं," म्हणाली. मला असा राग आला! देवाचा नव्हे, दिरांचा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका नव्या मुलीच्या टी-शर्टांचे गळे तटातट उसवत होते. काकी तिच्यावर ओरडली, "आयो! गळा ताणून धर, मग शिव. सैल असताना शिवलास तर डोकं घालताना टाका तुटणारच!"

आणि आ वासून थांबली. मग माझ्याकडे वळली.

"टब पण आपण सैल असतानाच शिवला गं. माणूस बसला की तो खाली दबतो. संध्याकाळी ये. तू बसायचंस."

कारखान्यात इतक्या बायका असताना तिला मीच का आठवले, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी कपड्यांनिशी कोरड्या टबात बसले. पाणी नको, सांध्याला ओल लागेल, असं तिचं म्हणणं. माझ्या पायाशी तांदळाची पोती. गणपतीच्या जेवणाचा तांदूळ बाईने आधीच आणून ठेवला होता! काका मुकाट्याने पोती वर चढवत होता. टब दबला, भिंतीशी फट उघडली, आणि त्या उघड्या फटीत काकीने मास्तिक भरून बोटाने सारखं केलं. मी हळूच उठले, तशी काकाने माझ्या जागी लगेच आणखी दोन पोती ठेवली. हे तिने पुढे सगळ्या कारखान्याला सांगितलं. मास्तिक पुरतं वाळेपर्यंत तांदूळ टबात राहिला आणि माणसं बादलीने आंघोळ करत राहिली.

रविवारी दीर जाऊबाईंना घेऊन आले, हाताची घडी घालून. "पोतीबिती मला कळत नाय. माणूस बसवून दाखव."

"मग तुम्हीच बसा, दादा," काकी म्हणाली.

दीर अंगाने चांगले भारदस्त. सगळ्यांसमोर माघार कशी घेणार? टॉवेल घेऊन वर गेले. आम्ही खाली, माना वर करून. आधी नळाचा आवाज, मग धपकन बसल्याचा.

"पे कुले?" वरून प्रश्न आला. गळतंय का?

"पा कुले, दादा!"

"नीट बघ!"

"बघतेय! एक थेंब नाय!"

मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. जाऊबाई घाबरून जिन्यातून हाका मारू लागल्या, "अहो, काय झालं?"

"काय नाय. पाणी गरम हाय," दीर म्हणाले. आणि थोड्या वेळाने, टबातूनच, "गणपती इथंच आण!"

काकीने पदर खोचला, माझे हात धरले आणि जिन्याखाली अशी फुगडी घातली की माझी चप्पल उडाली. मला तर आनंदाने रडू फुटलं.

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या डोळ्यांपुढे येते ती त्या चतुर्थीच्या आरतीतली. बैठक गच्च भरलेली, टाळ-ढोलकीचा गजर, आरतीचं ताट घेऊन दीर सगळ्यांत पुढे. आम्ही हात जोडून गणपतीकडे बघत होतो. काकीनेही हात जोडले होते. पण ती बघत होती छताकडे, आणि हसत होती.