भानुदास साळवेंना प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं

अन्याय झाला तो भानुदास साळवे यांच्यावर. पुणतांब्याचा माणूस, नगर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत अकरा वर्षं फायरमन. १९९७ च्या एप्रिलमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, एका दूध शीतकरण केंद्रात अमोनियाचा पाइप फुटला. साळवेंचे दोन्ही डोळे भाजले. उजवा गेला. पण मी अन्याय म्हणते तो हा नाही. तो नंतर कागदावर झाला, आणि त्या कागदावर सही माझी आहे.

अमोनिया म्हणजे दूध आणि बर्फ गार करणाऱ्या यंत्रात फिरणारा वायू. ओलसर जागा दिसली की तो तिथं भाजतो. डोळे, घसा, फुप्फुसं. त्यात शिरायचं तर पाठीवर हवेचा सिलिंडर आणि चेहऱ्यावर मास्क लागतो. याला बीए सेट म्हणतात. साळवे शिरले ते नाकातोंडाला ओला टॉवेल बांधून. डोळ्यांना काय बांधणार? आत अडकलेल्या दोन्ही कामगारांना त्यांनी बाहेर काढलं.

बीए सेट नगरपालिकेकडे होते. दोन. स्टोअरच्या कपाटात, कुलपात. स्टोअरकीपर त्या दिवशी नगरला मीटिंगला गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात.

हे सेट सरकारी निधीतून आले होते. धोकादायक रसायनांचा अपघात झाला तर काय करायचं याचा आराखडा बनवायचा आणि जवानांना शिकवायचं, यासाठीचा तो निधी. शिकवायचं काम आमच्या संस्थेला मिळालं. संस्थेनं मला पाठवलं. जानेवारीत दोन दिवसांचं शिबिर झालं. पहिला दिवस उद्घाटनातच गेला. पाहुणे दीड तास उशिरा आले, मग शाली, नारळ, भाषणं. ज्यांच्यासाठी शिबिर, ते फायरमन खुर्च्या लावत होते आणि चहा वाटत होते. सेट स्टेजवर टेबलावर मांडलेले. पाहुण्यांनी त्यांना हार घातला, कुंकू लावलं. संध्याकाळी ते परत कपाटात.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरकीपरकडे सेट मागितले. त्यांनी डेड स्टॉक रजिस्टर पुढं सरकवलं. वस्तू त्यात चढली की जबाबदारी त्यांची.

"मॅडम, वापरून खराब झाला तर माझ्या पेन्शनीतनं जाईल. न वापरता खराब झाला तर कुणी विचारत नाही."

खोटं बोलत नव्हते ते.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. ते म्हणाले, फळ्यावर चित्र काढा. मी काढलं. मागच्या रांगेतून साळवे म्हणाले, "ताई, मास्क लई भारी काढलाय. पन आमच्या तोंडाला कदी बसवायचा?" सगळे हसले. मीही हसले. आणि संध्याकाळी बावीस प्रमाणपत्रांवर सह्या केल्या: 'बीए सेट हाताळण्याचे प्रात्यक्षिक पूर्ण केले.' प्रमाणपत्रं वर गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नव्हता, माझा पगार त्यातच होता.

जूनमध्ये चौकशी झाली. प्रशिक्षित कर्मचाऱ्याने उपलब्ध साधन वापरले नाही, सबब निष्काळजीपणा त्याचा स्वतःचा. कुलपाचा उल्लेख कुठंच नाही. भरपाई नाही, बसून करायचं हलकं कामही नाही. सोबत पुरावा म्हणून प्रमाणपत्राची झेरॉक्स.

प्रात्यक्षिक झालंच नाही, असं मी लेखी दिलं. मुख्याधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं.

"मग बावीसही खोटी?"

"बावीसही."

"म्हणजे त्यांवरून सरकारला गेलेला जिल्ह्याचा अहवालच खोटा. एका माणसापायी तो कोण फिरवणार, मॅडम?"

कुणी फिरवला नाही. संस्थेनं मला काढलं, नगरपालिकेनं साळवेंना. मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खरं लिवलं, बरं केलं. पन ताई, जानेवारीतच लिवायचं हुतं."

साधन नसतं तर निदान साळवेंच्या बाजूनं बोलता आलं असतं. साधन होतं, प्रमाणपत्र होतं, म्हणून तेच गुन्हेगार ठरले.

तुमच्या गावात बर्फाचा कारखाना असेल, दूध केंद्र असेल. उद्या नगरपालिकेत जा. तिथल्या फायरमनला तुमच्या डोळ्यांदेखत बीए सेट अंगावर चढवायला लावा. कुणी कागद पुढं केला, तर तो वाचू नका आणि तिथून हलू नका.