सकाळी उशीर करणारं मशीन

विद्याताई गेल्या, हे फोनवर कळलं. मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिले... आत उतरायला वेळ लागला.

नववीत शाळा सुटलेली मी चंद्रपूरकडची मुलगी. नाशकात ओळखीचं कुणी नव्हतं. ताईंनी मला द्वारका चौकाजवळच्या ऑफिसात मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सांभाळायला घेतलं. कांद्याच्या लिलावातल्या वजनांचं सॉफ्टवेअर त्यांचंच. द्वारका, लासलगाव, मनमाड अशी तीन मशीनं. प्रत्येक नोंद तिन्हीकडे. बंद करताना मशीननं हातातलं काम पुरं करून, बाकीच्या दोघांना कळवून मगच थांबायचं; ते क्रमानं करवून घेणं माझ्याकडे. भारनियमनाचे दिवस. लाईट गेली की यूपीएस टींटीं करायचा आणि मी घाईघाईनं एकेक कळ दाबायचे. एका दुपारी बॅटरीनं मधेच मान टाकली. निम्मं काम सोपवलेलं, निम्मं नाही. तिन्ही मशीनं वेगवेगळे आकडे सांगू लागली.

"नववीच्या पोरीच्या हाती काय देता, ताई?" ऑफिसचे मालक, शेठ, म्हणाले.

"बंद करायला मॅट्रिक लागत असेल, तर चूक मशीनची."

मग त्यांनी सगळं नव्यानं लिहिलं. लाईट गेली की मी सरळ बटण दाबायचं. अर्धवट राहिलेल्या मशीननं सकाळी सुरू होताना बाकीच्या दोघांना विचारून आकडे जुळवून घ्यायचे. त्यात मात्र वेळ जायचा, लिलाव खोळंबायचा. लासलगावहून व्यापाऱ्यांचा फोन ठरलेला. "ताई, तुमचं मशीन अजून दात घासतंय का? ट्रॅक्टर लय तुंबलेत!"

"घासू द्या. काल उपाशी झोपलंय."

हसण्यावारी किती दिवस जाणार... काम दुसऱ्या कंपनीला गेलं. ताई ऑफिस सोडून गेल्या, मी तिथेच राहिले.

दिवसकार्य उरकल्यावर ताईंच्या घरी गेले. ताईंचे यजमान, काका, बोलता बोलता सहज म्हणाले, "शेठ तेव्हा अडूनच बसले होते, मुलगी बदला म्हणून. ही म्हणाली, मुलगी राहील, सॉफ्टवेअर बदलते."

मला हे ठाऊकच नव्हतं. त्या सगळ्या सकाळी ताईंनी ऐकून घेतलं ते माझ्या भाकरीसाठी, आणि मी शेजारी बसून हसत होते. कुठे बघावं कळेना.

काकांनी ताईंचा कॉम्प्युटर दाखवला. ताई गेल्या तेव्हापासून चालूच, लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर. "तू बंद कर. माझा हात धजत नाही."

पडद्यावर ताईंचा पत्त्यांचा डाव अर्धा पडला होता. बटण समोरच होतं. मी खुर्ची ओढून बसले. मला तो खेळ येत नाही. काका मागून सांगू लागले, "काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी..."

डाव सुटला नाही.

"पुन्हा मांड," काका म्हणाले.

मान वर न करता मी मांडला.